काटा हलतो, पण खरं बोलतो का?

आपल्या वर्कशॉपमागच्या शेडमध्ये दरवर्षी एखादा चारचाकी 'अवतार' जन्माला येतोच. पाइपची चेसिस, बाईकचं इंजिन, मारुती ८०० ची चाकं आणि डॅशबोर्डवर भंगारातून आणलेला बाईकचा स्पीडोमीटर. व्हायवाला कोणीतरी पुढचं चाक हाताने फिरवतो, काटा हलतो, सगळे खूश! माझं स्पष्ट मत आहे की असा नुसता हलणारा काटा लावण्यापेक्षा तिथे गणपतीचा स्टिकर लावावा. तो निदान वेग सांगतो असा दावा करत नाही. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. गणिताची जबाबदारी माझी.)

बाईकचा मीटर लावायला माझा विरोध नाही. उलट गरिबाच्या गाडीला तोच शोभतो. चाकाजवळच्या छोट्या गिअरमधून केबल फिरते, केबल आत एक लोहचुंबक फिरवते, त्याच्याभोवतीच्या ॲल्युमिनियमच्या वाटीत एडी करंट तयार होतात आणि वाटी स्प्रिंगच्या विरुद्ध वळते. काटा त्या वाटीलाच बसवलेला. ओटो शुल्झे यांनी जर्मनीत १९०२ साली पेटंट घेतलेली ही युक्ती. ना बॅटरी, ना कोड.

पण या मीटरला वेग कळत नाही, फक्त चाकाचे फेरे कळतात. घोळ इथेच आहे. जुन्या स्प्लेंडरचा पुढचा टायर २.७५-१८, म्हणजे व्यास साधारण ५९७ मिलिमीटर आणि एका किलोमीटरला सुमारे ५३३ फेरे. मारुती ८०० चा १४५/७० आर १२ हा टायर ५०८ मिलिमीटरचा, त्याचे होतात ६२७. म्हणजे तोच गिअर आणि तोच मीटर मारुतीच्या चाकावर बसवला, की खऱ्या ४० ला काटा ४७ दाखवणार. जुन्या ॲक्टिव्हाचा सेट लावलात तर उलटं. ते चाक १० इंची रिमचं, त्यामुळे ४० ला ३४ दिसणार.

यावर शेडमधलं ठरलेलं उत्तर म्हणजे, "अरे, जास्त दाखवतोय ना? मग सेफच आहे की!" या उत्तरात थोडं तथ्य आहे, हे मान्य करायला हवं. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन नियमानुसार कारचा मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही. जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतो. खऱ्या ४० ला ४८ पर्यंत सूट, म्हणजे आपला ४७ पास! (८० ला मात्र ९४ दाखवून नापास.)

पण मग त्याच मीटरवर ब्रेक टेस्ट का घेता? काटा ४७ वर गेला, ब्रेक दाबला, टेप धरली आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, "४७ च्या वेगाला इतक्या मीटरमध्ये गाडी थांबली." प्रत्यक्षात ती ४० ने चालली होती. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे खऱ्या ४७ ला सुमारे ३८ टक्के जास्त जागा लागेल. रिपोर्ट लिहिणारा पास होऊन कंपनीत जातो. गाडी शेडमध्येच राहते आणि पुढच्या वर्षी एखादा सेकंड इयरचा पोरगा तिच्यात बसतो. त्याने तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला तर काय, याचं उत्तर व्हायवात कोणी विचारत नाही.

डिजिटलवाल्यांनी हसू नये. हॉल सेन्सर आणि आर्डुइनो लावलं तरी कोडमध्ये चाकाचा परिघ भरावाच लागतो. नेटवरून कोड उचलताना आपण पिन नंबर बदलतो, पण परिघ मूळ लेखकाच्या सायकलचाच राहतो. खोटा आकडा दोन दशांश स्थळांपर्यंत दिसला की जास्तच खरा वाटतो!

उपाय काही रॉकेट सायन्स नाही. मीटरचा काटा वेगाच्या जवळजवळ समप्रमाणात फिरतो, त्यामुळे काच उघडून नवी छापील तबकडी चिकटवा. जिथे ४७ आहे तिथे ४० लिहा. किलोमीटरचे आकडे मात्र त्याने सुधारत नाहीत, त्यासाठी गिअरच बदलावा लागतो. तो गिअर बाईकवर ज्या बाजूला होता, गाडीतही त्याच बाजूच्या चाकाला लावा. नाहीतर केबल उलटी फिरते आणि काटा शून्याच्या खिळ्यावर डोकं आपटत बसतो. केबलला तीव्र वळणही नको, काटा थरथरतो. वर्कशॉपचे मामा हे सगळं तोंडपाठ सांगतात, तरी आपल्या रिपोर्टच्या आभाराच्या पानावर प्रिन्सिपल सर असतात, एचओडी असतात, मामा नसतात. असो.

आणि तपासायला लॅब लागत नाही. ग्राउंडमागच्या सरळ रस्त्यावर १०० मीटरच्या दोन चुन्याच्या खुणा करा. काटा ४० वर स्थिर ठेवून गाडी दोन्ही खुणा पार करू दे. मीटर खरा असेल तर स्टॉपवॉच बरोबर ९ सेकंद दाखवेल. साडेदहा दाखवलं, तर तबकडी कोणी छापायची ते सबमिशनच्या आधी ठरवा.