कुपा म्हणजे नक्की कोणता मासा?

मंडळी, आधी एक कबुली. मागे बंदरावर टुनाची आवक वाढली म्हणून मी बातमी दिली होती. सोबत फोटो, खाली ओळ, 'स्किपजॅक टुना'. दुसऱ्या दिवशी जेटीवर गेलो तर मासे विकणाऱ्या एका मावशींनी गाठलंच. "काय रे पेपरवाल्या, पट्टे कुठं दिसले तुला? ह्याच्या छातीवर ठिपके हायत!"

बरोबर होतं त्यांचं. स्किपजॅकच्या पोटावर लांबीच्या दिशेने चार ते सहा काळे पट्टे असतात, पाठ कोरी. छातीवर ठिपके आणि पाठीवर तिरप्या नागमोडी रेघा असतील तर तो कावाकावा. पण आपल्या किनाऱ्यावर दोघेही 'कुपा', कुणी 'गेदर' म्हणतं. यलोफिनही त्याच टोपलीत.

बाहेर तरी कुठे एकवाक्यता आहे म्हणा! स्किपजॅकला इंग्रजीत कुणी बोनिटो म्हणतं, हवाईत तो आकू, जपानात कात्सुओ. लिनियसने १७५८ साली त्याला बांगड्याच्या कुळात घालून 'स्कॉम्बर पेलामिस' नाव दिलं. पुढे १९१५ मध्ये किशिनोये या जपानी शास्त्रज्ञाने त्याची वेगळी प्रजाती केली आणि नाव घेतलं ते कोळ्यांच्याच तोंडचं. कात्सुओवरून 'कात्सुवोनस पेलामिस'. मला हे फार आवडलं. शास्त्रीय नावातही गोंधळ नाही असं नाही हं, 'थुनस अल्बाकेअर्स' म्हणजे यलोफिन, आणि अल्बाकोर मात्र 'थुनस अलालुंगा'! पण एका नावाचा एकच मासा, एवढी तरी खात्री असते.

आता कुणी म्हणेल, कालवणात पडल्यावर नावाचं काय? कालवणाला नसेल, पैशाला आहे. यलोफिनला परदेशात स्किपजॅकपेक्षा जास्त भाव मिळतो. युरोपात माल जायचा तर कॅच सर्टिफिकेटवर जात लिहावी लागते. आमच्या बंदरावर लिलावाच्या चिठ्ठीवर मात्र 'कुपा, इतके किलो' एवढंच. जात ओळखून निवड होते ती व्यापाऱ्याच्या शेडमध्ये. मग नावाचा फायदा कुणाच्या खिशात जातो, सांगा बघू?

दुसरी गोष्ट. राज्याने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवला, त्याहून लहान पकडायचे नाहीत. आकार जातीगणिक वेगळा. कुप्यांवर असा नियम लावायचा तर कुठल्या कुप्यावर? यातली एक जात कमी होत गेली आणि दुसरी वाढली, तर चिठ्ठीवर किलो तेवढेच दिसतील. पापलेट लहान होत चाललं हे तरी आपल्याला कळलं, कारण पापलेटला पापलेटच म्हणतात.

मिनिकॉयचे लोक काठी-गळाने स्किपजॅक एकेक करून पकडतात, उकडून, धुरावून, वाळवून 'मासमीन' करतात. त्यांचं पोट या एका जातीवर, म्हणून ओळखही पक्की.

माझी मागणी मोठी नाही. जेटीवर तीन-चार कुप्यांचे फोटो असलेला एक फलक लावा आणि चिठ्ठीवर जातीचा एक रकाना वाढवा. खर्च उद्घाटनाच्या हारांएवढाही नाही. ओळखायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही, मावशी आहेत.

तुमच्या गावात पट्टेवाल्या कुप्याला वेगळं नाव असेल तर गावासकट कमेंटमध्ये लिहा. मी वही केलीय. आणि हो, त्या फोटोखालची ओळ दुरुस्त केलीय.