ओढण्याची ताकद आणि थांबवण्याची ताकद

बेळगाव जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसू लागतात. 'आमचा ट्रॅक्टर कितीही ओढतो,' असे अभिमानाने सांगितले जाते. पण तो किती ओढतो यापेक्षा किती ओझे थांबवू शकतो, हे पाहिले पाहिजे.

ट्रॅक्टरचे वजन साधारण 2 टन. मागचा ऊस त्याच्या कितीतरी पट. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. त्यामुळे उतारावर ब्रेक दाबला तरी मागचे ओझे ट्रॅक्टरला पुढे रेटते. चढावर पुढची चाके उचलली जातात आणि स्टिअरिंग हाती राहत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला चौपट अंतर लागते, हे गतिज ऊर्जेच्या धड्यात आपण शिकतोच.

म्हणून विद्यार्थ्यांनो, चालत्या ट्रॉलीतून ऊस उपसू नका, सायकलवरून ट्रॉलीला धरून जाऊ नका. ऊस उत्पादक पालकांनी ट्रॉली बेताने भरावी, मागे रिफ्लेक्टर लावावेत. हंगामात शाळा भरताना आणि सुटताना रस्त्यावर माणूस उभा करण्याची व्यवस्था विश्वस्त मंडळाने करावी. एक खेप वाढली तर थोडे डिझेल जास्त जाईल. तो खर्च भरून काढता येतो.