वारसा कुणाचा?

पुरंदर तालुक्यातली पिलाजी जाधवरावांची १७१० सालची गढी आज हॉटेल आहे. जुनं बांधकाम टिकतं याचा मला आनंदच आहे. उद्या आमच्या शिरूर-दौंडमधल्या पडक्या वाड्यांनाही असे बिल्डर भेटतील. पण मैत्रिणींनो, व्यवहार ठरला की बहिणींपुढे हक्कसोडपत्र येतं. "तुला लग्नात दिलंच की," असं म्हणत सही घेतली जाते. माहेर तुटेल या धास्तीनं ती देतेही.

पूर्वी भावांनी वाटणी केल्याशिवाय मुलीला राहत्या घरात हिस्सा मागता येत नव्हता. हिंदू वारसा कायद्यातलं ते २३वं कलम २००५ मध्ये रद्द झालं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानंच मुलाइतका हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी तो हक्क राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला मस्तानीची कबर आहे. पाबळ तिला इनाम होतं. तेव्हा बाईच्या नावे गाव चालत होतं, आज वाड्यातली एक खोली का चालू नये?

सही करण्याआधी कागद वाचून घ्या, वाड्याची किंमत विचारा. मंडळातल्या चौघी सोबत जा. वाड्याचा वारसा जपायचा, तर वारस म्हणून लेकींची नावंही उताऱ्यावर हवीत.