शेंगा, पायऱ्या आणि एक प्रश्न

‘‘या वीकेंडला धबधबा, पुढच्या वीकेंडला अझेलियाची फुलं. प्लॅन एकदम रेडी!’’ अटलांटाच्या एअरपोर्टवरून घरी जाताजाताच नवरोबांनी जाहीर करून टाकलं. लग्नाला दोन वर्षं झाली. त्यातलं दीड वर्ष तो तिकडे, मी पुण्यात. त्यामुळे माझ्या तीन आठवड्यांच्या सुट्टीचा अगदी तासागणिक कार्यक्रम ठरलेला. जागा नव्हती ती फक्त एका विषयाला. मी तिकडे कायमची जाणार की नाही?

एप्रिलमधलं जॉर्जिया म्हणजे भन्नाट प्रकार आहे. डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी लगडलेली आणि पाइनच्या परागांनी पार्किंगमधल्या सगळ्या गाड्या पिवळ्याधम्मक. जणू जेजुरीचा भंडारा उधळलाय! शिंकत शिंकतच आम्ही बाहेर पडलो.

नाश्त्याला ग्रिट्स. म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्या, वर लोणी नाहीतर चीज. आपल्या सांज्याची लांबची बहीण म्हणा ना! दुपारी ‘मीट अँड थ्री’, म्हणजे एक मांसाहारी पदार्थ आणि सोबत तीन भाज्या. गंमत म्हणजे इथे मॅकरोनी-चीजही भाजीतच मोडतं. शाकाहारींनो, एक टिप. कोलार्डची पालेभाजी मागवण्याआधी विचारून घ्या, ती बरेचदा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मी आपली तळलेल्या भेंडीवर खूश.

मग अमिकलोला धबधबा. उंची 729 फूट आणि पायथ्यापासून 604 पायऱ्या. दोनशेव्या पायरीच्या आसपास दम खाता खाता मी विचारलंच, ‘‘अरे, पण मी इथे येऊन करू काय?’’ डिपेंडंट व्हिसावर सहसा नोकरी करता येत नाही, हे दोघांनाही पाठ.

‘‘आत्ता तो विषय नको ना गं.’’

उरलेल्या चारशे पायऱ्या आम्ही एक अक्षर न बोलता चढलो.

परतताना रस्त्याकडेला हाताने रंगवलेली पाटी दिसली, ‘बॉइल्ड पीनट्स’. मोठ्या पातेल्यात वाफाळणारं मिठाचं पाणी आणि त्यात तासन्‌तास उकडलेल्या शेंगा! अमेरिकेतला जवळपास निम्मा भुईमूग जॉर्जियात पिकतो. शेजारच्या साउथ कॅरोलिनाने तर 2006 मध्ये उकडलेल्या शेंगांना राज्याचा अधिकृत स्नॅकच करून टाकलं. पिशवी मांडीवर घेऊन आम्ही गाडीतच बसलो. पहिली शेंग फोडली आणि थेट आजोळच्या अंगणात पोचले.

भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तिथून तो आफ्रिकेत गेला आणि गुलामांच्या जहाजांबरोबर इथे आला. भेंडीही त्याच वाटेने आली. ज्या माणसांनी ही चव इथे रुजवली, त्यांना ‘येणार का?’ असं कुणी विचारलंच नव्हतं. आपल्याला निदान विचारायची आणि नाही म्हणायची सोय आहे. आणि आम्ही काय करत होतो, तर नेमका तोच प्रश्न टाळत होतो!

मी हे त्याला बोलून दाखवलं. बराच वेळ तो नुसता शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला, ‘‘तू नाही म्हणशील याची भीती वाटत होती. म्हणून विचारलंच नाही.’’

‘‘आणि मला वाटत होतं, तू मला गृहीत धरतोयस!’’

पिशवी रिकामी होईपर्यंत बोललो. भांडलोही. शेवटी ठरलं ते असं, तो पुण्याच्या ऑफिसात बदली मागणार. दिवाळीपर्यंत नाही जमलं, तर मी येणार, पण एका वर्षासाठी. त्यानंतर पुन्हा दोघांनी मिळून ठरवायचं. परफेक्ट नाहीये, पण दोघांचं आहे.

रात्री आईचा फोन आला. ‘‘काय गं, एवढं अमेरिकेला जाऊन शेंगा खाल्ल्यात?’’

हो गं आई, शेंगाच खाल्ल्या. पण एकदाचं बोललो!