चाकूच्या आधीचे शिक्षण

शस्त्रक्रिया म्हटली की सर्वसामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर ऑपरेशन थिएटर, हिरवे कपडे आणि लकाकणारी हत्यारे येतात. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मनातही थोडेफार तसेच असते. एमबीबीएसच्या अखेरच्या वर्षातला मुलगा सर्जरीच्या वॉर्डात आला की त्याला टाके घालायची घाई असते. त्यात वावगे काही नाही. पण पुढच्या शिक्षणासाठी निघालेल्या तरुण डॉक्टरला शल्यशास्त्रातले नेमके काय यायला हवे, असे मला कोणी विचारले, तर माझ्या यादीत टाके बरेच खाली येतील. सगळ्यात वर येईल तो निर्णय. हा रुग्ण आज रात्रीच टेबलावर घ्यायचा, उद्या सकाळपर्यंत पाहायचा, की त्याला मुळी चाकू लावायचाच नाही, हे ओळखता येणे.

हा विषय वर्तमानपत्रात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सांगतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून आहे. आशिया खंडातील पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. आज अशा महाविद्यालयात जो विद्यार्थी खाटेशेजारी उभा राहून वहीत टिपण घेतो आहे, तो दोन-तीन वर्षांत धारूरकडच्या किंवा शिरूर कासारकडच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एकटा बसलेला असेल. रात्री दोन वाजता तुमच्या घरातले माणूस पोट धरून तेथे पोहोचेल, तेव्हा त्याला काय येते आणि काय येत नाही, हा प्रश्न तुमचा होईल.

पोटदुखीचेच उदाहरण घेऊ. अपेंडिक्सला सूज आली की दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होते. भूक मरते, एखादी उलटी होते, आणि काही तासांनी दुखणे सरकून पोटाच्या उजव्या बाजूला खाली येऊन बसते. तेथे बोट ठेवले तर रुग्ण कळवळतो. ही जागा न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी या सर्जनने १८८९ साली दाखवून दिली आणि आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळे आले; पण केंद्रावर रात्री यातले काहीच नसते. असतात ती दोन बोटे, घड्याळ आणि रुग्णाला नीट प्रश्न विचारण्याची सवय. दुखणे आधी सुरू झाले की उलटी आधी झाली, एवढे विचारले तरी अर्धे काम होते. पोटाच्या शस्त्रक्रियेच्या आजारात बहुधा दुखणे आधी येते.

आमच्याकडे मात्र होते काय? पोट दुखू लागले की गावातल्या दवाखान्यात एक इंजेक्शन, एक सलाईन. दुखणे थोडे मऊ पडते, माणूस घरी जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी पोट टम्म फुगलेले, नाडी १३० आणि जीभ कोरडी ठणठणीत, अशा अवस्थेत तो मोठ्या दवाखान्यात येतो. तोवर अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरलेला असतो. जुनी पुस्तके सांगत की निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊच नका. ते मत आता मागे पडले आहे. वेदना कमी केल्याने निदान चुकत नाही, असे अभ्यासातून दिसून आले आहे. तेव्हा दोष इंजेक्शनचा नाही. इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा आहे. रुग्णाला बाकावर बसवून ठेवावे, चार तासांनी पुन्हा पोट तपासावे, लघवी किती झाली ते मोजावे. पन्नास किलोच्या माणसाला तासाला साधारण पंचवीस मिलिलिटर लघवी होत नसेल तर शरीरात पाणी कमी पडते आहे. हे कळायला यंत्र लागत नाही, मापाचे भांडे लागते.

आता हर्निया, म्हणजे अंतर्गळ. पाठ्यपुस्तकात लिहिलेले असते की ही शस्त्रक्रिया सवडीने करण्याची आहे. बीड जिल्ह्यात सवड कोणाला आहे? मुकादमाकडून उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे नाहीतर कर्नाटकाकडे निघते ती उन्हाळ्यातच परतते. जांघेतली गाठ घेऊनच गडी जातो. ‘पट्टा पडल्यावर बघू’ हे त्याचे ठरलेले उत्तर. मग ऊस तोडून, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढताना एक दिवस ती गाठ आत जाईनाशी होते, कडक होते, दुखू लागते, उलट्या सुरू होतात. आतडे अडकले, त्याचा रक्तपुरवठा थांबला. येथून पुढे हिशेब तासांचा असतो; साधारण सहा तास उलटले की आतडे काळे पडण्याची भीती वाढत जाते. फडावरून दवाखाना किती लांब, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

म्हणून मी म्हणतो की आपल्या भागातल्या विद्यार्थ्याला हर्नियाचे प्रकार पाठ असण्यापेक्षा दोन गोष्टी पक्क्या याव्यात. श्रावण-भाद्रपदात केंद्रावर आलेल्या गड्याला, तो ताप-खोकल्यासाठी आलेला असला तरी, उभे करून खोकायला लावून जांघ पाहायची आणि कोयता निघायच्या आत शस्त्रक्रिया उरकून घ्यायला सांगायची. आणि गाठ आत जाईना, दुखतेय, उलटी होतेय, या तीन खुणा त्याच्या बायकोलाही समजावून सांगायच्या. त्याला काही झाले तर धावाधाव तिलाच करायची असते.

इथे बायकांचा विषय निघाला आहे तर तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. २०१९ साली आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते ‘पिशवी काढण्याच्या’ शस्त्रक्रियांमुळे. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ऊसतोड करणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांची पाहणी झाली आणि त्यांत साडेतेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे ढोबळमानाने सहांत एक. पाळीत काम थांबू नये, खाडा पडला की दंड, फडावर ना आडोसा ना पाणी, अंगावरून जाण्याचा जुना त्रास, आणि ‘कॅन्सर होईल’ ही घातलेली भीती, अशी कारणे एकात एक गुंतलेली होती.

गर्भाशयाची शस्त्रक्रिया हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा प्रांत, सर्जरीच्या लेखात ती कशाला, असे माझेच काही मित्र म्हणतील. मला ते पटत नाही. शस्त्रक्रिया कोणत्याही विभागाची असो, तिला आधी कारण लागते, आणि ते कारण रुग्णाच्या कागदावर अशा शब्दांत लिहिलेले असावे की दुसऱ्या डॉक्टरने वाचले तर त्यालाही पटावे. पांढरे पाणी जाते हे कारण नाही. त्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपाय होतो. तरुण वयात गर्भाशयासोबत अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याच्या वयातले सगळे त्रास तिशीतच सुरू होतात आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. गहजब झाल्यानंतर खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असे ठरले. ठीकच झाले. पण परवानगी हा बाहेरचा लगाम झाला. आतला लगाम शिकतानाच तयार व्हावा लागतो.

(या पदनामातली एक गंमत: शल्य म्हणजे शरीरात रुतलेला बाण किंवा काटा. रुतलेले काढायचे, ही त्या शास्त्राची मूळ कल्पना. जागच्या जागी असलेले काढायचे नव्हे.)

संमतीपत्राचेही तसेच. विद्यार्थी संमतीपत्राला अंगठा घेण्याचा कागद समजतात, कारण वॉर्डात त्यांना तेवढेच काम दिले जाते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या प्रकरणात निकाल दिला. दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिलेल्या रुग्णाचे गर्भाशय ती भुलीखाली असतानाच काढले गेले होते, आणि त्यासाठी बाहेर बसलेल्या आईला विचारण्यात आले होते. न्यायालयाने सांगितले की तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि रुग्ण सज्ञान असताना, जिवावरचा तातडीचा प्रसंग नसताना, आईची संमती चालत नाही. हा निकाल प्रत्येक इंटर्नने वाचलेला असावा असे मला वाटते. नवऱ्याच्या सहीवर बायकोचे ऑपरेशन उरकण्याची आपल्याकडची पद्धत त्यात कुठेच बसत नाही.

बाकीचे थोडक्यात सांगतो. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गेलेला माणूस आला की नातेवाईक ‘आधी टाके घाला’ म्हणून हट्ट धरतात. मातीने, भुशाने भरलेली जखम तशीच शिवून टाकणे म्हणजे आत पू कोंडून ठेवणे. धुवायची, मेलेले मांस काढायचे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे आणि काही दिवस उघडी ठेवून मग शिवायची. नातेवाइकांना हे शांतपणे पटवून सांगणे, हाही शल्यशास्त्राचाच भाग आहे. शौचातून रक्त जाणाऱ्या प्रत्येकाला मूळव्याध ठरवून मलम देऊ नये. हातमोजा घालून बोटाने तपासणी केली तर गुदाशयाचा कर्करोग कित्येकदा तेवढ्यानेच हाताला लागतो. संकोचापायी ही तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते, आणि मग रस्त्याकडेच्या ‘मूळव्याध-भगंदर’ पाट्यांखाली सहा-सहा महिने वाया जातात. स्तनातली न दुखणारी गाठ ही दुखणाऱ्या गाठीपेक्षा जास्त काळजीची, हे तर आपल्या भगिनींनीही लक्षात ठेवावे. मधुमेही माणसाचे पाऊल पाहिल्याशिवाय त्याला उठू देऊ नये.

आणि कापणे कुठे संपले, हेही माहीत हवे. जठराच्या अल्सरसाठी एके काळी मोठमोठ्या शस्त्रक्रिया होत. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागचा जंतू दाखवला, २००५ साली त्यांना नोबेल मिळाले, आणि अल्सर बहुतांशी गोळ्यांनी बरा होऊ लागला. अल्सर फुटला तर मात्र शस्त्रक्रिया लागतेच, आणि अंगदुखीच्या गोळ्या उपाशीपोटी मूठमूठ खाणाऱ्या कष्टकऱ्यांमध्ये तो आजही फुटतो.

हे सारे शिकायचे कोठे? वॉर्डात आणि अपघात विभागात, तेही रात्री. माझी खरी तक्रार येथे आहे. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेश ‘नीट पीजी’ परीक्षेवर होतात. दोनशे प्रश्न, साडेतीन तास, चारांपैकी एका पर्यायावर खूण. परीक्षा वाईट नाही, देशभर एक मोजपट्टी झाली. पण इंटर्नशिपचे वर्ष तिने गिळून टाकले. मुले हजेरी लावून वाचनालयात जातात, शिकवणीची व्याख्याने मोबाईलवर ऐकतात. मुलांना नावे ठेवून उपयोग नाही. जागा मर्यादित आहेत आणि खुणा वॉर्डात सापडत नाहीत. मला सुचते ते इतकेच: इंटर्नशिप संपताना प्रत्येकाची खाटेशेजारी परीक्षा व्हावी, तीही त्याने आधी न पाहिलेल्या रुग्णावर. शिवाय त्याने वर्षभरात पुढे पाठवलेल्या रुग्णांच्या चिठ्ठ्या तपासाव्यात. ‘पोटदुखी, पुढील उपचारासाठी’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी नापास. दुखणे किती वाजता सुरू झाले, नाडी किती, लघवी किती, कोणते औषध किती वाजता दिले, एवढे तरी त्यात हवे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्याकडे धावते आहे. रुग्ण पोहोचतो, त्याच्यासोबत माहिती पोहोचत नाही.

यात वाचकांचाही थोडा वाटा आहे. सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर पोट तपासायला आला की ‘मोठे डॉक्टर कुठे आहेत?’ असा सूर लागतो. नको म्हणण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. स्त्रियांनी तपासणीच्या वेळी सोबत परिचारिका मागावी, तोही हक्कच. पण ज्या मुलाने वॉर्डात पन्नास पोटांवर हात ठेवला नाही, तो एकावन्नाव्या पोटावर, म्हणजे तुमच्या केंद्रावर रात्री आलेल्या पोटावर, काय ओळखणार? तेव्हा त्याने नाव सांगून, परवानगी विचारून, हात ऊबदार करून तपासायचे म्हटले तर तपासू द्यावे. आणि त्याने परवानगी विचारली नाही, तर ‘बाळ, आधी विचारायचं असतं’ असे त्याला तिथल्या तिथे सांगावे.