डब्यावरचा शब्द आणि कास्तकाराचा खिसा



बियाण्यावर आणि फवाऱ्याच्या औषधावर आम्ही पुष्कळ बोललो. इंजनाच्या तेलावर कधी बोललो नाही, किरकोळ खर्च म्हणून सोडून दिले. तेच चुकले.

गेल्या खरिपात आमच्यातला एक कास्तकार नाल्यावरच्या पाच हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजनासाठी तेल घ्यायला बाजारात गेला. दुकानदार म्हणाला, "साधं तेल आता कोण वापरतं? सिंथेटिक न्या, दोन वर्षं बदलायचं काम नाही." दुपटीहून जास्त पैसे मोजून त्याने डबा आणला. तीन महिन्यांनी खालचा बोल्ट काढला तर डांबरासारखा गाळ निघाला, त्यात बोटाला लागणारी माती. तेल चांगलेच होते. सल्ला दुकानाच्या सोयीचा होता.

सिंथेटिक तेल लवकर खराब होत नाही, म्हणून जास्त दिवस चालते, हा त्याचा खरा गुण. पण आमच्या वावरातल्या इंजनात तेल खराब होते ते धुळीने, झिजलेल्या रिंगांतून उतरणाऱ्या काजळीने आणि गळून मिसळणाऱ्या डिझेलने. ज्वारीच्या मळणीत भुसा उडतो, एअर क्लीनरच्या वाटीतले तेल आठ-आठ दिवस कोणी पाहत नाही. ही घाण महाग तेलातही तेवढीच जाते. मग ठरल्या तासांनी तेल काढावेच लागते आणि जादा पैसा त्याच्यासोबत मातीत ओततो.

दुसरा गुण सांगतात थंडीचा. २० डब्ल्यू ४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. २० डब्ल्यूच्या तेलाची गारठ्यातली परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर होते, ५ डब्ल्यूची शून्याखाली ३० अंशांवर. पुसदला पौषातल्या पहाटेही घागरीतले पाणी गोठत नाही. तो गुण काश्मीरच्या ट्रकवाल्याने विकत घ्यावा.

आणि 'सिंथेटिक' या शब्दाचेही ऐका. अमेरिकेत मोबिल कंपनीने तक्रार केली की कॅस्ट्रॉलचे तेल जमिनीतल्या कच्च्या तेलावरच जादा प्रक्रिया करून केलेले आहे, त्याला सिंथेटिक म्हणू नये. १९९९ साली तिथल्या जाहिराती तपासणाऱ्या मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हापासून दोन वेगळ्या जातींची तेले एकाच नावाने विकली जातात. नुसत्या या शब्दावरून आत काय आहे ते कळत नाही.

आता हिशोब. लिटरमागे ५०० रुपये जादा गेले आणि इंजनात चार लिटर बसले, तर दोन हजार झाले. २०२५-२६ च्या हंगामात संकरित ज्वारीचा आधारभाव क्विंटलला ३,६९९ रुपये. म्हणजे ५४ किलो ज्वारी एका तेलबदलीत गेली, तीही आधारभावाने विकली गेली तर! वर १८ टक्के जीएसटी. व्यापारी तो पुढच्या कराच्या हिशोबात वळता करून घेतो, कास्तकाराला परत काही मिळत नाही. जितका डबा महाग, तितका आमच्याकडून कर जास्त.

सिंथेटिकशी आमचे वैर नाही. कापसाची गाडी भरून घाट चढणाऱ्या टर्बो इंजनात तेल फार तापते, तिथे ते तग धरते. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ ट्रकमध्ये तर पुस्तकात लिहिलेलेच तेल लागते. धुरांड्यात काजळी अडवणारी जाळी असते, चुकीच्या तेलाची राख तिथे साचली की दुरुस्तीचा खर्च तेलाच्या कितीतरी पट. पण तिथेही पाहायचे ते डब्यावरचे अंक आणि 'सीके-४' सारखी अक्षरे. ती अक्षरे साध्या तेलाच्या डब्यावरही असतात. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या, पाण्याने थंड होणाऱ्या पंपाच्या इंजनाला पुस्तकातल्या अंकाचे साधे तेल पुरते. फवाऱ्याच्या टू-स्ट्रोक पंपाचे तेल वेगळे, त्यात यातले काहीच ओतू नका.

दोष आमचाही आहे. ट्रकमधून काढलेले जळके तेल पंपात ओततो, सुटे तेल बिलाशिवाय घेतो, आणि इंजन बसले की नशिबाला बोल लावतो. रिकामा डबा भंगारवाल्याला जसाच्या तसा देतो, तोच उद्या बनावट तेल भरून आपल्यासमोर येऊ शकतो. डबा फोडूनच द्या.

दहा घरांनी मिळून २० लिटरची बादली घेतली तर लिटरचा भाव उतरतो. जिल्हा बैठकीला येताना आपल्या इंजनाचे पुस्तक आणि मागच्या खरेदीचे बिल सोबत आणा. पुस्तक हरवले असेल तर इंजनावरच्या पाटीवरचे नाव आणि नंबर उतरवून आणा. कोणत्या गावाला किती बादल्या लागतात ते तिथेच बसून लिहून काढू.