कुन्नूरच्या चहामळ्यात दर विचारला

निलगिरीत कुन्नूरला जाऊन आलो. सहा हजार फुटांवरचं गाव, चारी बाजूला उतारावर चहा. सोबतची मंडळी फोटोत रमली, माझे पाय बांधाकडं वळले.

लांबून सगळा मोठ्या कंपन्यांचा मळा वाटतो, पण तिथं एक-दोन एकरवाले शेतकरीही हजारोंनी आहेत. अशाच एकाला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं, पाल्याला दर काय? तो हसला. म्हणाला, लिलावाला विचारा.

गणित असं. चहाचा ओला पाला तोडला की त्याच दिवशी कारखान्यात गेला पाहिजे, नाहीतर तो तापून खराब होतो. घरात साठवून दराची वाट बघायची सोय नाही. साधारण साडेचार किलो पाल्याचा एक किलो चहा होतो. तो लिलावात विकला जातो आणि आलेल्या भावातले ६५ टक्के पाल्याचे, ३५ टक्के कारखान्याचे, असं टी बोर्डाचं सूत्र आहे. ऐकायला झकास. पण लिलावातच भाव पडला तर ६५ टक्के कशाचे?

आणि भाव का पडतो, त्याचं एक कारण शेतातच दिसलं. चांगल्या चहाला कोंब आणि दोन कोवळी पानं लागतात. हातानं तोडायला माणूस मिळत नाही, म्हणून कात्री नाहीतर मशीन चालते. त्यात जून पान, काडी सगळंच येतं. चहा हलका होतो, भाव उतरतो, मग मजुरी परवडत नाही, की पुन्हा कात्रीच.

आपल्या उसाचंही तेच की. तोडलेला ऊस थांबत नाही, वजन आणि उतारा दोन्ही घटतं. फरक एवढाच, आपल्याला एफआरपी हंगामाआधी कळते आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. तो पाळला जातो का, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण भांडायला हातात कागद तरी आहे.

माझं मत स्पष्ट आहे. तोडल्यावर थांबत नाही असं पीक असेल, तर आधी दराचा आधार बघा, मग लागण करा. तिथले काही शेतकरी सिल्व्हर ओकवर मिरीचे वेल चढवतात. मिरी वाळवून घरात ठेवता येते, भाव आला की विकता येते. आपल्या उसाच्या जोडीला असं थांबणारं पीक कोणतं? कुणी करून बघितलं असेल तर खाली लिहा.